बुलढाण्याचा फरारी जमादार

1857 साली बुलढाणा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे एक लहानसे गाव. जिल्हा म्हणून त्याचे नाव लागायला अजून अवकाश होता. पण हवा थंड आणि उन्हाळा सुसह्य, म्हणून साहेबलोकांनी उत्तर वऱ्हाडचे मुख्य ठाणे तिथे नेऊन ठेवले होते. दक्षिण वऱ्हाडचे ठाणे हिंगोलीला. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाला ह्याच बुलढाण्याहून हैदराबाद कंटिन्जंटचा एक जमादार दहा-पंधरा स्वार बरोबर घेऊन पळाला. त्याचे नाव चिदा खान.

सत्तावन्नच्या धामधुमीत असे शेकडो जमादार पळाले. मेरठ, कानपूर, झाशी इथल्या बंडापुढे बुलढाण्याची ही पळापळ कुणाच्या खिजगणतीतही नसती. वऱ्हाडाने तर त्या वर्षी बंड असे केलेच नाही. गॅझेटियरवाल्यांनी समाधानाने नोंदवले आहे की हा मुलूख शांत राहिला. तरीही हैदराबादेत इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या भिंतीला भगदाडे पडली आणि रात्रभर तोफा चालल्या, त्या ह्या बुलढाण्याच्या पळपुट्यांपायी. पळणाऱ्याचे काय करायचे हे कुठल्याही फौजेला ठाऊक असते: पकडायचे आणि गोळी घालायची. सरकारची खरी पंचाईत होते ती पळणाऱ्याला दार उघडणाऱ्या माणसापाशी. चिदा खानाच्या गोष्टीत अशी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. एकाने त्याला धरून दिले, दुसऱ्याने त्याला सोडवायला जीव घातला. पुढे इंग्रजांनी कायदा लिहिला तो ह्या माणसांसाठी.

चिदा खान ज्या फौजेत होता तिचे आणि वऱ्हाडचे नाते विलक्षण होते. कंटिन्जंट नावाला निजामाची, पगार निजामाचा, आणि हुकूम इंग्रज अंमलदारांचा. निजामाला ही फौज हवी होती की नको, हे कुणी विचारले नाही. तिचा पगार थकू लागला तेव्हा हैदराबादच्या पामर कंपनीसारख्या सावकारी पेढीने जबर व्याजाने कर्जे दिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निजाम कंपनी सरकारचा लाखोंचा देणेकरी होऊन बसला. गव्हर्नर जनरल डलहौसीने 21 मे 1853 रोजी तह लिहून घेतला: पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या एवढी फौज राहील, आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात राहील. मेहकर, चिखली, मलकापूरच्या काळ्या जमिनीतून जो सारा गोळा होई तो ह्या शिपायांच्या पगाराकडे जाई. मुलूख निजामाचा, वसुली इंग्रजांची, खर्च फौजेचा आणि घाम कुणब्याचा! असा प्रांत दुसरीकडे सापडणे कठीण.

तहावर सही झाली तेव्हा दिवाण होता सिराज-उल-मुल्क. तो आठवड्याभरातच वारला. त्याच्या जागी आला त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या, मीर तुराब अली खान, म्हणजे पुढचा सर सालारजंग. वऱ्हाड गेल्याचे शल्य घेऊनच हा तरुण दिवाणगिरीवर बसला. पुढे काय घडले ते कळायला हे शल्य ध्यानात ठेवायला हवे.

कंटिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदार आणि बारगीर हे शब्द मराठी वाचकाला शिवकाळापासून परिचित आहेत. इंग्रजांनी ही रीत उचलून कायम ठेवली, कारण ती स्वस्त पडे. घोडा स्वाराचा, खोगीर स्वाराचे, चारा-दाण्याचा खर्च त्याच्याच पगारातून. सरकार द्यायचे ते बहुधा बंदूक आणि दारूगोळा. त्यामुळे शिलेदार पळाला की तो सरकारी घोडा चोरून पळाला असे म्हणता येत नसे. तो आपल्याच मालमत्तेवर मांड ठोकून निघालेला असे. पायदळातला शिपाई चार कोसांत पकडला जाई. चिदा खानासारखा जमादार आणि त्याचे स्वार सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत निजामाच्या थेट अमलातल्या मुलखात. बुलढाण्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला तोच मुलूख पसरलेला होता.

चिदा खान का पळाला, त्याचे मूळ औरंगाबादेत आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या छावणीत पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली. आपल्याला दिल्लीवर नेणार, बादशहाविरुद्ध लढायला लावणार, अशी बातमी पसरली होती. आपण निजामाचे चाकर, निजामाच्या हद्दीबाहेर जाण्याचा करार आपण केलेला नाही, असे स्वार म्हणू लागले. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. कॅप्टन ॲबटने अहमदनगरकडे मदत मागितली. पुण्याहून महूकडे निघालेला जनरल वुडबर्न वाट वाकडी करून औरंगाबादेवर आला. त्याच्याबरोबर 14 व्या ड्रॅगूनचे गोरे स्वार, वूलकोंबची तोफांची बॅटरी आणि 25 वी मुंबई पलटण होती.

24 जूनच्या सुमारास रिसाल्याला रांगेत उभे करून हत्यारे खाली ठेवायचा हुकूम झाला. बहुतेकांनी ठेवली. काहींनी नाही. जनरलने त्यांना विचार करायला सहा मिनिटे दिली आणि सहा मिनिटे संपताच तोफांना हुकूम दिला. स्वार घोड्यांकडे धावले. जे मिळेल त्या वाटेने पसार झाले, थोडे कापले गेले. नंतर ड्रमहेड कोर्ट मार्शल बसले. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. औरंगाबादेतला क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याच दिवसांची खूण म्हणून दाखवला जातो. विशेष म्हणजे ज्या रिसाल्यावर त्या सकाळी तोफा डागल्या, तो रिसाला संपला नाही. 1903 नंतर तो विसावा डेक्कन हॉर्स झाला, 1916 मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर भाले घेऊन दौडला, आणि डेक्कन हॉर्स ह्याच नावाने रणगाड्यांची पलटण म्हणून आजही भारतीय लष्करात आहे.

औरंगाबादची बातमी बुलढाण्यापर्यंत यायला वेळ लागला नसणार. तोफेच्या तोंडी गेलेले लोक तिथल्या स्वारांचे भाऊबंद, मित्र, एकाच रिसाल्यात वाढलेले. उत्तरेकडे कूच करा, असा हुकूम आला तेव्हा चिदा खानापुढे दोन रस्ते होते. तो तिसऱ्या रस्त्याने गेला. दिल्लीला जाऊन बादशहाच्या बाजूने लढावे असे त्याच्या मनात आले नाही, लपून बसावे असेही नाही. तो दक्षिणेला, चारशेहून अधिक किलोमीटर दूर हैदराबादला गेला. आपला खरा धनी निजाम आहे आणि तो आपल्याला पाठीशी घालील, असा त्याचा हिशोब होता. पळून जाणारा शिपाई आपल्याच राजाच्या राजधानीकडे पळतो, ही गोष्ट मला ह्या साऱ्या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते. त्याच्या लेखी तो पळालाच नव्हता. तो मालकाकडे परत निघाला होता.

हिशोब चुकला. जुना निजाम नासिर-उद्-दौला 16 मे रोजी, म्हणजे मेरठच्या स्फोटानंतर सहा दिवसांनी वारला होता. नवा निजाम अफजल-उद्-दौला गादीवर नुकताच बसलेला. राज्याची सूत्रे सालारजंगाच्या हाती. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि हैदराबादचा रेसिडेंट डेव्हिडसन यांच्यात खलबते चालली होती, आणि सगळ्यांचे मत एकच: हैदराबाद गेले की दख्खन गेली. सालारजंगाने बाजू निवडलेली होती. चिदा खान आणि त्याचे सोबती हैदराबादेत येताच त्याने त्यांना पकडवले आणि रेसिडेंटच्या स्वाधीन केले. पळपुट्यांची रवानगी रेसिडेन्सीतल्या कोठडीत झाली.

आपल्याच फौजेतल्या माणसांना, आपल्याच शहरातून, परक्या अधिकाऱ्याच्या हवाली केले, हे हैदराबादच्या लोकांना सोसवेना. 17 जुलै 1857, शुक्रवार. मक्का मशिदीत नमाजानंतर बोलणी झाली, कैद्यांना सोडवा अशी मागणी उठली. संध्याकाळी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्यामागे रोहिल्यांचा आणि शहरातल्या लोकांचा पाचेकशेंचा जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. रेसिडेन्सीच्या भिंतीला लागून अब्बन साहेब आणि जयगोपाळदास ह्या दोन सावकारांची घरे होती. जमावाने ती ताब्यात घेतली, भिंतीला भोके पाडली आणि तिथून गोळीबार सुरू केला. रात्रभर मद्रासच्या घोडतोफखान्याने उलट मारा केला. पहाटे चारच्या सुमारास जमाव पांगला. कैदी आत होते ते आतच राहिले.

तुर्रेबाज खान पाच-सहा दिवसांतच पकडला गेला. जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण जानेवारी 1859 मध्ये तो तुरुंगातून निसटला. त्याच्यावर पाच हजारांचे इनाम लागले आणि आठवड्याच्या आत तूप्रानच्या जंगलात तालुकदार कुर्बान अलीच्या माणसांनी त्याला ठार केले. त्याचे प्रेत हैदराबादला आणून लोकांना दिसेल असे टांगले. मौलवी अलाउद्दीनला अंदमानला पाठवले. तो तिथेच वारला.

सालारजंगाने धरून दिले, तुर्रेबाजाने सोडवायला धाव घेतली. एकाला पुढे 'सर' ही पदवी मिळाली, दुसऱ्याच्या नावाचा आज हैदराबादेत रस्ता आहे. पण सालारजंगाला ज्या गोष्टीची आस होती ती मिळाली नाही. 1860 च्या तहाने इंग्रजांनी त्याची पाठ थोपटली, निजामाचे सुमारे पन्नास लाखांचे देणे माफ केले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत दिला. वऱ्हाड मात्र आपल्याकडेच ठेवले. सालारजंग त्यानंतरही वऱ्हाड मागतच राहिला. 1876 मध्ये थेट लंडनला जाऊन आला. बुलढाण्याचा जमादार त्याने काही दिवसांत देऊन टाकला होता. बुलढाणा त्याला मरेपर्यंत परत मिळाले नाही. त्याच्यावर भरभरून लिहिले जाते, ह्या सौद्यावर फारसे नाही.

आता कायद्याकडे वळू. बंड पेटले तेव्हा कलकत्त्याच्या कौन्सिलने घाईघाईने कायदे केले. 6 जून 1857 चा 14 वा कायदा शिपायांना फितवणाऱ्यांसाठी होता. लष्करी कायद्याचा हात छावणीच्या कुंपणाशी थांबतो. शिपायाला कोर्ट मार्शल करता येते, पण त्याला फितवणारा फकीर, पैसे पुरवणारा सावकार, वाट दाखवणारा पाटील हे छावणीतले नव्हेत. त्यांना शिक्षा करायची तर मुलकी कायदा हवा. ह्या कायद्याने फितवणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा ठेवली आणि फितवणाऱ्याला दडवणाऱ्यालाही कैद. दोनच आठवड्यांनी, 20 जूनला, 17 वा कायदा आला तो बंडखोर आणि पळपुट्या देशी शिपायांना पकडून त्यांचा मुलकी हाती निवाडा करण्यासाठी. औरंगाबादेत कुजबुज चालू होती त्याच दिवसांत कलकत्त्यात हे कागद छापले जात होते.

ह्या कल्पनेचे मूळ इंग्लंडात सापडते. 1797 मध्ये स्पिटहेड आणि नोर इथल्या आरमारी खलाशांनी बंड केले तेव्हा पार्लमेंटने सैनिक-खलाशांना फितवणे हा देहदंडाचा गुन्हा ठरवला होता. मेकॉलेने 1837 मध्ये हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला तेव्हा लष्कर आणि आरमाराविषयीच्या गुन्ह्यांना वेगळे प्रकरण दिले. मसुदा वीसेक वर्षे फायलींत पडून राहिला. सत्तावन्नने त्यावरची धूळ झटकली. 6 ऑक्टोबर 1860 रोजी भारतीय दंडसंहिता मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. तिच्या सातव्या प्रकरणात, कलम 131 ते 140 मध्ये, तुर्रेबाज आणि त्याच्यासारख्या सर्वांसाठी खण करून ठेवले होते.

शिपायाला बंडाला चिथावणे किंवा कर्तव्यापासून फितवण्याचा प्रयत्न करणे हे कलम 131: काळे पाणी किंवा दहा वर्षे. त्या चिथावणीतून बंड झालेच तर 132, आणि त्याला फाशीही. पळून जायला मदत करणे हे 135, पळालेल्याला आसरा देणे हे 136. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद. 138 अवज्ञेला चिथावणी देणाऱ्यासाठी, सहा महिने. 140 कलम गणवेशाचे: शिपाई नसताना, लोकांनी शिपाई समजावे म्हणून शिपायाचा पोशाख किंवा बिल्ला वापरला तर तीन महिने किंवा पाचशे रुपये दंड.

136 व्या कलमाशी थोडे थांबायला हवे. "जाणूनबुजून, किंवा तसे मानायला कारण असताना" पळपुट्याला आसरा देणारा गुन्हेगार. पुढे एक अपवाद: पत्नीने नवऱ्याला आसरा दिला तर हे कलम लागू नाही. इंग्रजी कायद्याची ही जुनी सवय. नवराबायकोला तो बराचसा एक जीव मानतो. पण वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात रात्रीच्या अंधारात मुलगा दार ठोठावतो तेव्हा कडी काढते ती बहुधा आई. आईला अपवाद नाही. बापाला नाही, भावाला नाही, बहिणीला नाही. एकत्र कुटुंबात एकाच चुलीवर भाकरी भाजणाऱ्या सासू-सुनेपैकी सून निर्दोष आणि सासूला दोन वर्षे! कलम लिहिणाऱ्यांनी हिंदुस्थानातले घर डोळ्यांपुढे आणले होते असे वाटत नाही.

137 वे कलम समुद्राचे. व्यापारी जहाजावर पळपुटा सापडला आणि कप्तानाला तो ठाऊक नव्हता, तरी कप्तानाच्या निष्काळजीपणामुळे किंवा जहाजावरच्या बेशिस्तीमुळे तो लपू शकला असेल तर कप्तानाला पाचशे रुपयांपर्यंत दंड. मुंबईच्या गोदीतून गोरे सोजीर आणि आरमारातले खलाशी व्यापारी गलबतांवर चढून पसार होत, त्यांच्यासाठी हे. जमिनीवर आसरा देणाऱ्याला निदान ठाऊक असायला हवे; समुद्रावर ठाऊक नसणे हाच दोष. दंडसंहिता पुढे वऱ्हाडातही लागू झाली, म्हणजे मेहकर-लोणारच्या कचेरीतही हे कलम छापील पुस्तकात होते. लोणारच्या सरोवरात गलबत चालत नाही हा भाग वेगळा.

वऱ्हाडातले कायदे हे स्वतंत्र प्रकरणच होते. मुलूख निजामाच्या सार्वभौमत्वाखाली, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपसूक लागू होत नसत. गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने एकेक कायदा वऱ्हाडाला "लावावा" लागे. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने घेतले, 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडले आणि कंटिन्जंट बरखास्त करून हिंदी लष्करात मिसळून टाकली. तरी कायद्यांचे त्रांगडे सुटले नाही. ते निस्तरायला 1941 चा बेरार लॉज ॲक्ट यावा लागला. तोवर बुलढाण्याचा वकील एखादे कलम सांगताना ते वऱ्हाडला केव्हा लागू झाले ह्याचा दाखलाही बरोबर ठेवी.

कलमांपेक्षा खरी धार होती ती पोलिसांच्या अधिकारात. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 54 व्या कलमात वॉरंटशिवाय कुणाकुणाला पकडता येईल त्यांची यादी होती. त्यात घरफोडीची हत्यारे बाळगणारा होता, चोरीचा माल बाळगणारा होता आणि सैन्यातून पळाल्याचा वाजवी संशय असलेला माणूसही होता. पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरने जिल्ह्याला कळवायचे, जिल्ह्याने ठाण्याला, ठाण्याने गावच्या पाटलाला. पाटील आणि कोतवाल यांच्या नजरेतून गावात आलेला नवा माणूस सुटणे अवघड. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीचा जोर वाढला तेव्हा ही यंत्रणा देशभर कामाला लागली.

आणि मग 1921 उजाडले. आता शिपायाला फितवणारे लपूनछपून फितवेनात. ते ठराव करू लागले. जुलैमध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला की मुसलमानाने इंग्रजी फौजेत राहणे धर्माने निषिद्ध आहे. मोहम्मद अली, शौकत अली, डॉ. किचलू, मौलाना हुसेन अहमद मदनी यांच्यासह सात जणांवर खटला भरला. सातव्या आरोपीचे नाव वाचून आजचा वाचक चकित होईल: शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. 'वैदिक गणिता'मुळे आपल्याकडे घरोघर पोहोचलेले तेच हे. शिपायांना फितवण्याच्या कटाचा, 131 व्या कलमाचा, आरोप ज्यूरीने मानला नाही. इतर कलमांखाली शंकराचार्य सोडून बाकीच्यांना नोव्हेंबरमध्ये दोन-दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

गांधींनी ह्याला उत्तर दिले ते मुंबईत. 4 ऑक्टोबर 1921 रोजी चाळीसहून अधिक पुढाऱ्यांच्या सह्यांचे पत्रक निघाले. सरकारी नोकरीत, विशेषतः फौजेत, हिंदी माणसाने राहावे की नाही यावर मत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. आणि आमचे मत असे की शिपायाने ती नोकरी सोडून दुसरा प्रपंच शोधावा. कराचीच्या आरोपींनी जे म्हटले तेच, फक्त धर्माच्या भाषेऐवजी नागरिकाच्या भाषेत. सह्या करणाऱ्यांत यवतमाळचे माधव श्रीहरी अणे होते, नागपूरचे डॉ. मुंजे, वर्ध्याचे जमनालाल बजाज, खानदेशचे दास्ताने, पुण्याचे न. चिं. केळकर. वऱ्हाड-नागपूरची माणसे त्या कागदावर आहेत हे मला महत्त्वाचे वाटते, कारण चौसष्ट वर्षांपूर्वी त्याच भागातून एक जमादार गुपचूप पळाला होता आणि आता त्याच भागातले वकील-डॉक्टर सही करून सांगत होते की पळणे योग्य आहे. कलम 131 त्यांच्यावर सरळ लागू होत होते. सरकारने ते लावले नाही. चाळीस पुढाऱ्यांवर एकदम खटला म्हणजे चाळीस सभांना व्यासपीठ. त्याऐवजी मार्च 1922 मध्ये अहमदाबादेत गांधींवर राजद्रोहाचा, कलम 124-अ चा खटला चालला. ज्या तीन लेखांवर तो उभा होता त्यांतला पहिला शिपायांच्या निष्ठेशी चाललेल्या ह्याच "छेडछाडी"वरचा होता. सहा वर्षांची शिक्षा झाली.

सरकारने ह्यातून धडा घेतला. 1938 मध्ये, दुसरे महायुद्ध समोर दिसत असताना, केंद्रीय कायदेमंडळात नवा कायदा मंजूर करून घेतला. आता शिपायाला फितवणे दूरच, लोकांना भरती होऊ नका असे भाषणात सांगणे हाही गुन्हा.

पण सगळे कायदे पुस्तकात असतानाही 1946 च्या फेब्रुवारीत मुंबईत काय झाले? 18 तारखेला 'तलवार' ह्या आरमारी केंद्रातल्या खलाशांनी संप केला. जेवण निकृष्ट, पगार कमी आणि गोऱ्या अंमलदारांच्या शिव्या. दोन-तीन दिवसांत संप सत्तर-ऐंशी जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांत पसरला. वीसेक हजार खलाशी त्यात होते. कॅसल बॅरॅक्सला लष्कराने वेढा घातला, रसद तोडली. तेव्हा मुंबईकर अन्न घेऊन गेट वे ऑफ इंडियावर गेले. इराण्यांनी, खाणावळवाल्यांनी, गिरणी कामगारांच्या बायकांनी दिलेली पाकिटे आणि टोपल्या खलाशी बोटींतून येऊन घेऊन जात होते. जवळच पहाऱ्यावर असलेले हिंदी शिपाई बघत होते. खलाशाला चिथावणी, अवज्ञेला मदत: सातव्या प्रकरणातली कलमे तिथे अर्ध्या शहराला लावता आली असती. लावणार कोण? पुढच्या दोन दिवसांत हरताळ आणि गोळीबार झाला. दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत परळच्या कमल दोंदे होत्या. 23 तारखेला संपसमितीने शरणागती पत्करली.

स्वातंत्र्यानंतर ही कलमे तशीच राहिली. वैमानिक दलाचा उल्लेख तर 1927 मध्येच घातला गेला होता. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. 131 ते 140 ची कलमे आता 159 पासून पुढे सापडतात. शब्द बहुतांशी तेच. जहाजाच्या कप्तानाचा दंड पाचशेवरून तीन हजारांवर गेला. पळालेल्याला आसरा देण्याचे कलम आता 164 वे. त्यातला अपवाद पूर्वी फक्त बायकोला होता. आता तो बायको किंवा नवरा, कुणालाही लागू होतो; सैन्यात आता स्त्रियाही आहेत. आईबाप, भाऊ-बहीण यांना मात्र नव्या संहितेनेही अपवादात घेतलेले नाही.